करवणारे आणि करणारे



श्रवणबेळगोळला बाहुबली भगवंतांच्या पायाशी मराठीत एक ओळ कोरलेली आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल. 'श्री चावुंडराजें करवियलें'. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. यात्रेला गेलेलं मराठी कुटुंब ती ओळ शोधतं, बोट ठेवून वाचतं, आणि परमुलखात आपलं माणूस भेटावं तसा आनंद होतो. हीच गोष्ट तिथं कानडीत आणि तमिळमध्येही लिहिलेली आहे.

माझं शिक्षण बी.कॉम. बस्तीच्या महिला मंडळाचे हिशेब कित्येक वर्षं माझ्याकडे आहेत. त्यामुळं असेल, पण माझी नजर 'करवियलें' या शब्दावर अडकते. 'केलें' नव्हे, 'करवियलें'. म्हणजे करवून घेतलं. गंग राजांचे मंत्री चावुंडराय यांनी आई काललदेवींच्या इच्छेसाठी इ.स. ९८१ च्या सुमारास ही मूर्ती घडवून घेतली. व्हाउचरच्या भाषेत सांगायचं तर ही खर्च मंजूर करणाऱ्याची सही झाली. व्हाउचरवर दुसरीही एक सही लागते, काम करून पैसे घेणाऱ्याची. ती सही त्या ओळीत नाही.

विंध्यगिरीच्या माथ्यावरचा एकच अखंड दगड, त्यातून ५७ फूट उंचीची मूर्ती, आणि चेहऱ्यावर ती शांती. कितीतरी हातांनी ते केलं असेल. एका हातानं तरी शेवटी ओठांची ती रेघ काढली असेल.

शिल्पकाराबद्दल एक गोष्ट आपल्याकडे सांगतात. तो जेवढा दगड तासून काढेल तेवढ्या वजनाचं सोनं त्याला द्यायचं ठरलं होतं. पहिलं सोनं घेऊन तो घरी गेला आणि ते सोनं हाताला चिकटून बसलं, काही केल्या सुटेना. तेव्हा आईनं समजावलं, की एक मुलगा आपल्या आईसाठी भगवंताची मूर्ती करवतोय आणि तू मात्र सोन्यात अडकलास. शिल्पकाराला पश्चात्ताप झाला, हात सुटले, आणि पुढचं काम त्यानं लोभ सोडून केलं. लहानपणी पाठशाळेत ही गोष्ट मला फार आवडायची. आज साठी ओलांडल्यावर ऐकते तेव्हा घर चालवणारी बाई म्हणून मनात एक प्रश्न येतोच. लोभ सोडला हे ठीक, पण त्याच्या घरी चूल कशी पेटली? ठरलेली मजुरी मिळणं म्हणजे लोभ नव्हे. लोभ सोडायला आपण नेहमी करणाऱ्यालाच सांगतो.

कलावंताला समाजात काय काम दिलेलं असतं, याचा विचार करताना दुसऱ्या समाजांकडे पाहिलं की आपलं वेगळेपण नीट दिसतं. आपल्या महाराष्ट्रातच वारली समाजात लग्नाच्या वेळी घरच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक काढतात. त्यात पालघट देवी असते. चौक काढला नाही तर लग्न लागत नाही. लग्नविधीची गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. म्हणजे तिथं चित्र काढणारी बाई सजावट करत नसते, ती लग्नविधीचाच एक भाग असते.

पश्चिम राजस्थानात मांगणियार आहेत. धर्मानं मुसलमान, आणि पिढ्यान्‌पिढ्या हिंदू यजमानांच्या घरी जन्माला, लग्नाला गाणारे. यजमानांच्या पूर्वजांची नावं त्यांच्या तोंडी असतात. घराण्याची वंशावळ त्यांनी गळ्यात जपलेली असते. बदल्यात यजमान धान्य, जनावर, रोकड देतात. तिथं कलावंत म्हणजे घराची आठवण.

आपल्याकडे कलावंताचं काम याहून अवघड आहे. त्याला वीतराग मुद्रा घडवायची असते. डोळे अर्धोन्मीलित, दृष्टी नासाग्री, ओठांवर ना हसू ना दुःख. बाहेरच्या जगात चित्रकाराला विचारतात, तुमची स्वतःची शैली कोणती? आपल्या मूर्तिकाराला मात्र स्वतःचं काहीही त्या चेहऱ्यावर उतरू द्यायचं नसतं. राग नाही, द्वेष नाही, आणि घडवणाऱ्याची हौसही नाही. दर्शनाला उभं राहिल्यावर 'काय कोरीव काम आहे' असं मनात आलं तर तो थोडा कमी पडला. मनात काहीच आलं नाही, नुसते हात जोडले गेले, तर तो जिंकला. स्वतःला पुसून टाकण्याचं हे काम आपण हजारो वर्षं कारागिरांकडून करवून घेत आलो आहोत.

आपल्या पुराणात तर एका कलावंताच्या पायी सगळ्या धर्मतीर्थाची सुरुवात आहे. नीलांजना. आदिनाथ भगवान राजसभेत बसले होते आणि ती अप्सरा नाचत होती. नाचता नाचताच तिचं आयुष्य संपलं. इंद्रानं क्षणात तिच्या जागी दुसरी उभी केली. सभेतल्या कुणालाच कळलं नाही, एक ऋषभदेव सोडून. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना वैराग्य झालं. प्रत्येक पंचकल्याणकात आपण हा प्रसंग बघतो, पाठशाळेतल्या मुली नटून नाचतात, आपण मोबाईलवर व्हिडिओ काढतो. पण जरा थांबून विचार करा. कलावंत बदलला आणि सभेला पत्ताही लागला नाही, हे सभेचं वर्णन आहे. ज्यांनी पाहिलं ते तीर्थंकर झाले. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर नीलांजनेच्या नृत्याचा प्रसंग असलेली फार जुनी शिळा सापडली, ती आता लखनौच्या संग्रहालयात आहे.

मग आपल्या धर्मात कलावंताची जागा खालची आहे का? अजिबात नाही. नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात आदिनाथ भगवंतांनी प्रजेला जगण्याची सहा कर्मं शिकवली ती आपल्याला पाठ आहेत: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. शिल्प म्हणजे हाताचं कौशल्य. वाणिज्याच्या शेजारीच शिल्प बसलेलं आहे, पायरीखाली नव्हे. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले हे आपण मुलींना कौतुकानं सांगतो. त्याच ठिकाणी वृषभसेनाला संगीत आणि अनंतविजयाला चित्रकला शिकवल्याचंही येतं, ते मात्र सांगायचं राहून जातं.

आणखी एक गोष्ट. जपमाळेत १०८ मणी का, याचा हिशेब आपल्याला माहीत आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन, मन-वचन-काय हे तीन, कृत-कारित-अनुमोदना हे तीन आणि चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार. पाप मोजताना आपण कृत आधी धरतो, मग कारित, मग अनुमोदना. स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि त्याला मान डोलावलेली. पुण्य मोजताना मात्र आपल्या संगमरवरी पाट्यांवर फक्त कारित उरतं. कृत कुठं गेलं?

पूर्वी असं नव्हतं, निदान सगळीकडे नव्हतं. श्रवणबेळगोळ ज्या हासन जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात बेलूर आणि हळेबीड आहेत. होयसळांच्या काळातली ही देवळं. आम्ही बस करून गेलो होतो तेव्हा तिथल्या गाईडनं मूर्तींच्या खाली कोरलेली कानडी अक्षरं दाखवली. ती राजाची नावं नव्हती, शिल्पकारांची होती. बेलूरला बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. मल्लितम्मा नावाच्या शिल्पकाराची सही तर कितीतरी होयसळ देवळांत सापडते. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "बघा, परीक्षेच्या पेपरावर नाव घालावं तसं घातलंय."

राणकपूरचं मंदिर धरणाशाह यांनी बांधवलं, तिथले १,४४४ खांब आपण मोजायचा प्रयत्न करतो. त्या मंदिराच्या १४३९ सालच्या लेखात बांधणाऱ्या सूत्रधाराचं, देपाकाचं, नावही आहे. करवणारा आणि करणारा, दोघंही एकाच दगडावर.

मथुरेची गोष्ट तर मला सगळ्यात जवळची वाटते. तिथं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक आयागपट सापडला आहे. अर्हंतांच्या पूजेसाठी तो शिवयशा नावाच्या श्राविकेनं करवला. लेखात तिची ओळख अशी दिली आहे, की ती नर्तक फग्गुयशाची पत्नी. नवऱ्याचा धंदा नाच. तो तिनं लपवला नाही, आणि संघानंही तिचं दान नाकारलं नाही. नर्तकाच्या घरची लक्ष्मी दान देते आणि तिचं नाव, नवऱ्याच्या कलेसकट, भगवंतांच्या पूजेच्या शिळेवर कोरलं जातं. आज आपल्यातल्या किती घरांना हे सहज जमेल?

आता आपल्या अंगणात येऊ. अष्टान्हिकेत सिद्धचक्र विधान होतं. पहिल्या दिवशी ८ अर्घ्यं, मग १६, मग ३२, असं दुप्पट होत आठव्या दिवशी १,०२४. एकूण २,०४०. मंडल मांडणारी आमच्याकडे एक मावशी आहे. गुडघे धरलेले, तरी पहाटे येऊन रंगवलेल्या तांदळांनी ती वलयं मांडते, एकही कोठा चुकत नाही. आठ दिवसांनी सगळं विसर्जन, तांदूळ एका पातेल्यात गोळा. तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचं मंडल असंच मांडतात आणि पूर्ण झालं की झाडून टाकतात, ते बघायला लोक तिकीट काढून जातात. आमच्या मावशीला मात्र आजवर कुणी कलाकार म्हटलेलं नाही. 'तिला चांगलं जमतं' एवढंच म्हणतात. स्वयंपाकासारखंच.

काही वर्षांपूर्वी आमच्या बस्तीचा जीर्णोद्धार झाला आणि पंचकल्याणक झालं. इंद्र-इंद्राणी, भगवंतांचे माता-पिता यांचे सवाल बोलले गेले. आकडे चढत गेले तसा मंडपात जयजयकार होत गेला. त्यात गैर काही नाही, त्या पैशांवरच बस्ती उभी राहते. पण खर्चाचं अंदाजपत्रक माझ्या हातात आलं तेव्हा संगीत मंडळी, वाजंत्री आणि कारागीर हे सगळे 'इतर किरकोळ' या सदरात होते, मंडपाच्या सुतळीबरोबर. मी ते सदर फोडलं. 'कलाकार मानधन' असं वेगळं लिहिलं आणि देण्याची तारीखही लिहिली: विसर्जनाच्या दिवशी, मंडप उतरायच्या आधी. कारण आधीच्या एका ठिकाणी त्यांना सहा महिने फेऱ्या माराव्या लागल्या होत्या, हे त्या संगीत मंडळींनीच सांगितलं.

दुसरी अडचण जेवणाची. आपलं जेवण सूर्यास्ताआधी. गाणारे आणि वाजवणारे मात्र संध्याकाळच्या आरतीसाठी पाचपासूनच बसलेले. उठतात तेव्हा अंधार पडलेला आणि आपली भोजनशाळा बंद. दिवसभर घसा ताणून माणसं उपाशी झोपायची. मिरवणुकीत जे सगळ्यात पुढं चालतात ते पंगतीत सगळ्यात शेवटी, आणि शेवटी आली की पंगतच नाही. आम्ही बायकांनी ठरवलं, की साडेचारला पहिली पंगत त्यांची. वाढायला आम्ही उभ्या. चार-दोन माणसं कुरकुरली, पण गरम आमटी-भातापुढं कुरकुर फार वेळ टिकत नाही.

मूर्ती जयपूरहून आल्या होत्या. वेदीचं बारीक काम करायला तिकडचे एक कारागीर दोन महिने राहिले होते. प्रतिष्ठेच्या आधी मूर्तीवर शेवटचा हात त्यांनीच फिरवला. नंतर मंत्रसंस्कार झाले, आणि त्या क्षणापासून त्यांना मूर्तीला हात लावता येईना. शुद्ध वस्त्रं नेसलेले इंद्र आत, आणि हे गाभाऱ्याबाहेर गर्दीत, टाचा उंचावून बघत. कालपर्यंत जो दगड मांडीशी घेतला होता तो आज देव झाला. मी विचारलं, "भैया, वाईट वाटतं का?" ते म्हणाले, "मुलगी सासरी दिली की असंच वाटतं, माताजी." यावर मी काय बोलणार?

मग पाटीचा विषय निघाला. दानदात्यांची मोठी पाटी तयार होती. मी कमिटीला म्हटलं, कारागिरांचीही नावं घाला. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "वैनी, नावाचा मोह म्हणजे मान कषाय. कारागिराला त्यात कशाला पाडता?" मी म्हटलं, "अण्णा, बरोबर आहे तुमचं. मग सगळ्यांचीच नावं काढूया. आपला कषायही सुटेल." सभेत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण हसले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. तीन बैठकांनंतर निर्णय झाला. मोठ्या पाटीवर नाही, पण पाय धुण्याच्या नळाजवळ एक छोटी पाटी लागली आहे, सात नावांची. जागा मला पटलेली नाही. पण बस्तीत येणारा प्रत्येकजण आधी पाय धुतो, त्यामुळं ती सात नावं सगळ्यात आधी वाचली जातात, हेही खरं.

मूर्तीच्या चेहऱ्यावरून कारागीर नाहीसा झाला पाहिजे, ती त्याची साधना. पण तो आपल्या वहीतून आणि पंगतीतूनही नाहीसा होतो, त्याचा साधनेशी काही संबंध नाही. ती आपली सवय आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरातलंच आहे. माझ्या मुलीच्या मुलीला शिल्पकला शिकायची आहे. बारावीला मार्क उत्तम, त्यामुळं घरात सगळ्यांनी सी.ए. ठरवलेलं. जावईबापूंचा हळदीचा व्यापार, माणूस सालस, मुलीवर जीव. ते मला म्हणाले, "आई, देवाची मूर्ती आपण बसवायची. घडवायची कशाला? पोटापाण्याचं काय?" काळजी खोटी नाही. आपला समाज मूर्तीसाठी लाखांनी देतो, पण घरातल्या पोरीनं हातात छिन्नी घेतली तर चारचौघांत काय सांगायचं असा प्रश्न पडतो.

मी त्यांना म्हटलं, "जावईबापू, तुमचा धंदा वाणिज्य. तो आदिनाथ भगवंतांनी शिकवला म्हणून आपण मानानं करतो. त्याच दिवशी, त्याच तोंडानं त्यांनी शिल्पही शिकवलं. एक घेतलं आणि दुसरं परक्यावर सोपवलं, ती वाटणी आपली. आणि पोटापाण्याचं म्हणाल तर करवणारे आपणच आहोत की. कारागिराचं पोट भरत नसेल तर त्याचं उत्तर कारागिराकडे मागू नका."

ते हसले नाहीत. विचार करतो म्हणाले. फॉर्म भरला आहे, पुढचं पुढं. पोरगी मात्र सध्या अंगणात माती कालवून बसते आणि माझ्या पायांचा नमुना करते. तासभर हलायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. माझं सामायिक त्यातच होतं.

मैत्रिणींनो, पर्युषण जवळ आलं आहे. दहा दिवस गाणारे येतील, मांडव घालणारे येतील, फुलांच्या माळा करणारे येतील, आपल्यातलीच कुणी पहाटे रांगोळी घालेल. त्यांचं नाव विचारा. ठरलेलं मानधन ठरल्या दिवशी द्या, पाकिटावर 'सप्रेम भेट' न लिहिता 'मानधन' लिहा. जेवायच्या वेळा त्यांच्या कामाप्रमाणं ठेवा. आणि बस्तीत नवी पाटी लागणार असेल तर कमिटीतल्या आपल्या घरच्या माणसाला जेवताना सहज विचारा, की करणाऱ्यांची नावं कुठं आहेत. आपल्या घरांत पुष्कळ निर्णय ताटावरच होतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

जयजिनेंद्र.